एकतीस नंबरचा डबा

सोमवार, ४ तारीख

सिस्टरनं मंडळाला एक वही दिली आहे. कुठल्या घरात किती आजारी, कुणाला किती ताप, डबा गेला की नाही, हे सगळं त्यात लिहायचं. ती वही वेगळी, ही माझी. ह्यांना कुणीतरी भेट दिलेली डायरी तीन वर्षं कपाटात कोरी पडली होती. छापलेले वार चुकतात, ते खोडून लिहिते आहे. ह्यांना सांगितलं हिशेबाची वही आहे. चारचौघांत बोलता येत नाही ते कुठेतरी नीट लावून ठेवायला हवं, आणि कोठी लावण्यात माझा जन्म गेला.

घशाच्या तापानं आधी खालच्या आळीतली सात घरं धरली, आता गावाच्या वरच्या अंगालाही शिरला. आधी घसा धरतो, मग ताप, मग खोकला असा की माणूस कमरेत मोडतो. शाळा बंद, बाजार बंद, बस बंद. मोठ्या दवाखान्यात जागा नाही म्हणतात. सिस्टर एकटी, तिच्याकडे गोळ्यांचा डबा आणि एक सायकल.

सकाळी कोठीपुढच्या पत्र्याखाली लांब लांब बसून मंडळाची बैठक झाली.  मग आमच्या अध्यक्षीण, मास्तरीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडे औषध नाही. पण पातेली आहेत." ताप आल्यापासून गाव पहिल्यांदा हसलं असेल.

आमचं भांडी मंडळ. लग्न असो की मयत, प्रत्येकानं पंचवीस पातेली कुठून आणायची, म्हणून सासूबाईंनी आणि चार बायकांनी सुरू केलेलं. सभासदानं भांडी न्यायची, घासून पुसून परत आणायची. प्रत्येक भांड्यावर नंबर कोरलेला. किल्ली बावीस वर्षं माझ्या कमरेला आहे. एक चमचा कमी भरला तरी मला अन्न गोड लागत नाही.

ठरलं असं. रोज मोठ्या पातेल्यात मऊ भात आणि डाळ शिजवायची. ज्या घरात आजारी माणूस, तिथे डबा. डबा भिंतीवर ठेवायचा, सायकलची घंटा वाजवायची, तीन पावलं मागे यायचं, निघायचं. संध्याकाळी घासलेला डबा तिथूनच उचलायचा. कुणी कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. कुणाला द्यायचं, तर मंडळाच्या यादीतल्यांना. यादी मीच वाचून दाखवली, खड्या आवाजात.

मंगळवार, ५ तारीख

पहिल्या दिवशी सव्वीस डबे गेले. वरच्या अंगाला टपालवाला गेला. टपाल येत नाही म्हणून त्याला बसून कंटाळा आला होता. हात भाजले, पाठ धरली, पण बरं वाटलं.

ह्यांचे गुडघे गेलेत, म्हणून ह्यांना ओसरीवर लसूण सोलायला बसवलं. सोलता सोलता विचारतात, "धाकटीकडे जातो ना गं डबा?"

"ती आजारी आहे का?"

"तसं नाही, पण एकटी आहे. दुकानं बंद. लेक तिकडे लांब अडकलेली."

"यादीत तिचं नाव नाही," मी म्हटलं. ह्यांनी लसणीची पाकळी सालासकट भांड्यात टाकली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, ह्यांच्या पाठच्या, आता नसलेल्या भावाची बायको. वरच्या अंगाला शेवटून दुसरं घर तिचं, शेवटचं म्हाताऱ्या गवंड्याचं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या लेकीच्या लग्नाला तिनं मोठी सहा पातेली नेली. परत आली पाच. नऊ नंबरचं आलंच नाही. मी मोजलं, पुन्हा मोजलं. ती म्हणाली, "ताई, सहा दिली मी. तुमच्या हातात दिली." म्हणजे मी खोटारडी! भर बैठकीत विषय निघाला, तिचं नाव यादीतून काढलं. काढायची सूचना माझी होती, ते मी लपवत नाही. माझी जाऊ म्हणून सोडली असती तर गाव काय म्हणालं असतं? तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याआधी वाटीभर साखर पाठवली होती मी तिला, ती माझी वाटीही तिच्याकडेच राहिली. सासूबाईंची आम्हा दोघींना शिकवण, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काहीच नसलं तर एक दाणा तरी घालायचा. रिकामी देता येत नाही आणि भरून द्यायला तोंड नाही, म्हणून बसली असेल वाटी धरून.

शुक्रवार, ८ तारीख

डबे परत येतात ते रिकामे नाहीत. कुणी मूठभर शेंगा घालतं, कुणी दोन मिरच्या, कुणी अंडं. तापानं फणफणलेली माणसं, पण रीत सोडत नाहीत. माझा ऊर भरून आला. सिस्टरचा मात्र पारा चढला. "अहो काकू, आजाऱ्याच्या घरातली वस्तू तुम्ही उचलून घरी नेता? हे काय प्रेम आहे का?" तिनं सगळं खड्ड्यात टाकायला लावलं. अंडीसुद्धा. उद्यापासून डबे रिकामेच परत करा असं टपालवाला घरोघरी ओरडून आला. डबे आणि पातेली रोज उकळायची असंही सिस्टरनं बजावलं.

शनिवार, ९ तारीख

गवंड्याला ताप भरला. कोठीची चूल त्यानंच बांधलेली. त्याच्यासाठी एकतीस नंबरचा डबा काढला.

रविवार, १० तारीख

शिंपीण गेली. सहा नंबर. काल संध्याकाळी तिचा डबा भिंतीवर न घासलेला, न उघडलेला होता. टपालवाल्यानं तो तसाच आणून माझ्यापुढे ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिला. मी डबा उकळला, घासला आणि वरच्या फळीवर पालथा ठेवला. तो पुन्हा खालच्या रांगेत ठेवायला हात होईना. माझ्या लग्नातली चोळी तिनं शिवली होती आणि एक बाही आखूड केली होती, मी आयुष्यभर बोलून दाखवलं.

सगळे डबे आज रिकामे आले, सांगितल्याप्रमाणे. एकतीस सोडून. त्यात दोन लिंबं. गवंड्याच्या अंगणात गवताची काडी उगवत नाही. लिंबाचं झाड धाकटीचं, भिंतीवरून वाकलेलं. म्हाताऱ्यानं तोडली असतील हात घालून. तापात चोऱ्या सुचतात म्हणजे बरा होणार. लिंबं खड्ड्यात टाकली.

सोमवार, ११ तारीख

बेचाळीस डबे. फळीवर पालथे चार.

एकतीसमध्ये आज मूठभर शेंगदाणे. सोललेले, पाखडलेले. डबा असा लख्ख घासलेला की तोंड दिसावं. टपालवाल्याला म्हटलं, "गवंड्याला ओरडून सांग, रिकामा दे." तो म्हणाला, "सांगितलं. आतून कुणी बोललं नाही." ज्या माणसानं उभ्या जन्मात उसना घेतलेला फावडा वेळेवर परत दिला नाही, त्याला या वयात रीत सुचली.

मंगळवार, १२ तारीख

सिस्टर वरच्या अंगाला ताप मोजायला गेली होती. येऊन मला म्हणते, "गवंडीबाबांच्या शेजारच्या त्या बाई चांगल्या आहेत हो. भिंतीवरून म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, उठवू नका, गोळ्या माझ्याकडे द्या. ताप किती, खोकला किती, सगळं तोंडपाठ."

तिला कुणी विचारलं होतं? पुढे पुढे करायची सवयच आहे तिला. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबाईंचे पाय चेपायला हिचा पहिला नंबर.

बुधवार, १३ तारीख

हे कसं लिहू समजत नाही. तरी लिहिते.

डबे पन्नासवर गेले, पातेली पुरेनात. कोठीत कोपऱ्यात आठ नंबरचं पातेलं आहे. फार जड, म्हणून वर्षानुवर्षं कुणी चुलीवर चढवत नाही. झारे, ओगराळी, पळ्या आम्ही त्यातच उभ्या करून ठेवतो. आज ते रिकामं केलं, दोघींनी मिळून चुलीवर ठेवलं, विहिरीचं गार पाणी ओतलं आणि खाली जाळ केला. मी तांदूळ धूत होते. एकाएकी टण्ण असा आवाज झाला, पत्र्याखाली घुमला. वाटलं पातेलं फुटलं. धावत गेले. फुटलं नव्हतं. आतलं पातेलं बाहेरच्या पातेल्यातून सुटून बोटभर वर आलं होतं.

दोन होती. एकात एक बसलेली, काठावर काठ असा घट्ट की एकच जाड काठ वाटावा. फडक्यानं धरून आतलं वर ओढलं. काठाखाली नऊचा आकडा, कालच कोरल्यासारखा.

आता सगळं डोळ्यापुढे येतं. लग्नानंतर धाकटीनं पातेली आणून दिली. दुपारचं ऊन, मला घाई. गरम पाण्यानं विसळली आणि गरम गरमच मी एकात एक रचली. मीच. तिनं सहाच दिली होती. माझ्या हातात दिली होती.

अकरा वर्षं ज्या पातेल्यासाठी तिला चोर म्हटलं, त्याच पातेल्यातून मी रोज झारा काढत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्याबरोबर जी होती ती खालच्या आळीची नवी सून. तिला यातलं काही ठाऊक नाही. ती म्हणाली, "बरं झालं, एक पातेलं वाढलं."

मी हो म्हटलं. दोन्हींत भात लावला.

गुरुवार, १४ तारीख

कुणाला सांगितलं नाही. मास्तरीणबाई समोर होत्या. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिठाचं विचारलं.

शुक्रवार, १५ तारीख

विचार केला. आत्ता गाव मरणाच्या दारात असताना पातेल्याचं पुराण कोण ऐकणार? साथ ओसरली की रीतसर बैठक बोलवायची, सगळ्यांसमोर पातेलं ठेवायचं, चूक कबूल करायची, मग मी स्वतः तिच्या दारी जायचं. हेच बरोबर. घाईनं केलेलं काम एकदा नडलंच आहे.

पण आज कोठीत शिरताना नऊ नंबरकडे पाठ करून शिरले.

एकतीसमध्ये चार लवंगा.

शनिवार, १६ तारीख

फळीवर पालथे नऊ. मी आता माणसांची नावं घेत नाही. सहा गेली, चौदा गेला, बावीस आणि तेवीस एका दिवशी गेले. टपालवाला डबा आणताना लांबूनच नंबर सांगतो आणि मी ऐकून नुसती मान हलवते. भांड्यांना नंबर घातले ते हरवू नयेत म्हणून. दुपारी कोठी उन्हानं तापते आणि फळीवरचे डबे आपोआप टक् टक् वाजतात. पत्रा तापला की वाजतोच, मला माहीत आहे. तरी मी आत असले की मोजते किती वाजले.

ह्यांनी आज पुन्हा विचारलं. नुसतं "धाकटी?" एवढंच. मी खेकसले, "भूक लागली तर मागेल की! तोंड नाही का तिला?" हे म्हणाले, "तोंड होतं. तूच बंद केलंस." चाळीस वर्षांत ह्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी पदराला हात पुसत आत गेले आणि पुसतच राहिले.

तिनं एक शब्द टाकला असता तर मी दुसऱ्या मिनिटाला डबा पाठवला असता. देवाशप्पथ पाठवला असता.

सोमवार, १८ तारीख

टपालवाला म्हणतो, "गवंडीबाबांचा खोकला आता ऐकू येत नाही. आधी चौकापर्यंत यायचा." चला, एक तरी माणूस सुटला. चांगलं चाललंय म्हणून त्याच्या डब्यात एक ओगराळं जास्त घातलं.

एकतीसमध्ये कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ. लिंबावरून शेंगदाण्यावर, शेंगदाण्यावरून लवंगेवर आणि आता मिठावर आला म्हातारा. कंजूष तो कंजूषच. पुडीची घडी मात्र किती सुबक, चारी कोपरे आत दुमडलेले. सासूबाई अशीच घालायच्या. ते कुठून शिकला कोण जाणे.

बुधवार, २० तारीख

टपालवाल्याची सायकल पंक्चर, म्हणून वरच्या अंगाला मी गेले. तोंडाला फडकं बांधून, डब्यांची पिशवी घेऊन. रस्ता ओळखू येत नव्हता. सगळी दारं बंद आणि भिंतींवर डब्यांचे गोल डाग. आम्ही रोज ठेवतो तिथे.

गवंड्याच्या भिंतीवर एकतीस ठेवला, हातातली घंटा वाजवली, तीन पावलं मागे आले. आणि शेजारच्या पायरीवर ती. उन्हात बसली होती, अंगाभोवती शाल, गुडघे पोटाशी. किती वाळली आहे. ओठाच्या वरचा तीळसुद्धा मोठा दिसत होता.

मला वाटलं ती तोंड फिरवेल. तर अकरा वर्षांचा अबोला नसल्यासारखी म्हणाली, "ताई, भातात मीठ कमी पडतंय हं."

माझ्या जिभेवर होतं, नऊ नंबर सापडलं. अगदी टोकावर. बाहेर पडलं ते भलतंच. "शंभर माणसांचं रांधायचं म्हणजे कमीजास्त व्हायचंच."

"ते खरं," म्हणाली आणि हसली. हसता हसता शालीत तोंड घालून खोकली. "भावजी बरे आहेत ना? गुडघे?"

"आहेत," म्हटलं आणि वळले. पिशवीत एक डबा जास्तीचा होता. भरलेला. तो घेऊन मी परत आले आणि आम्ही दोघांनी खाल्ला.

मीठ कमी आहे हे हिला कसं कळलं? गवंड्यानं भिंतीवरून चुगली केली असणार. आणि खोकला म्हणाल तर ऊन लागलं की कुणालाही येतो. आजारी माणूस काय पायरीवर बसून गप्पा मारतं? ह्यांना म्हटलं, "भेटली, ठणठणीत आहे." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढची लसूण मागितली.

गुरुवार, २१ तारीख

आज भातात मीठ जास्त घातलं.

शुक्रवार, २२ तारीख

एकतीस नीट घासलेला नाही. कडेला डाळ वाळून चिकटलेली, झाकण वाकडं. आत काय, तर भाताचं एक शीत. वाळलेलं, आमच्याच भाताचं. मी टपालवाल्यावर चिडले, "ही काय थट्टा आहे? न घासलेलं भांडं परत घेतलंसच का?" तो म्हणाला, "काकू, माणसं मरतायत आणि तुम्ही डबा घासला का विचारता."  त्यानं शीत बघितलं आणि म्हणाला, "हे चुकून राहिलेलं नाही. मधोमध ठेवलंय."

काहीच नसलं तर एक दाणा.

हे मी आत्ता लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. परत उचललं. नाही, गवंड्यालाही कुणीतरी शिकवलं असेल. सासूबाई काय आमच्या दोघींच्याच नव्हत्या, मंडळात सगळ्यांना सांगायच्या.

शनिवार, २३ तारीख

एकतीस रिकामा आला.

सगळेच रिकामे येतात. मीच तसं सांगितलंय. तो उचलला तेव्हा हाताला इतका हलका लागला की मी उघडून तीनदा आत पाहिलं. झाकण उलटून पाहिलं. मग ह्यांच्यापुढे नेऊन ठेवला आणि सगळं सांगितलं. नऊ नंबर, लिंबं, पुडीची घडी, मिठाचं तिचं बोलणं. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की मी काय सांगते आहे. ह्यांनी डबा उचलून आत बघितलं. शेवटी म्हणाले, "उद्या पहाटेची वाट बघू नकोस. आत्ता जा."

पण चुली विझल्या होत्या. रिकाम्या हातानं कशी जाऊ? मंडळाची यादी काढली आणि खोडलेल्या नावाखाली तेच नाव पुन्हा लिहिलं, पुढे डबा नंबर अठ्ठेचाळीस. सकाळी पहिला भात उतरला की पहिला डबा तिचा. नियम गेला खड्ड्यात, मी आत जाणार आहे.

रविवार, २४ तारीख

भात उतरायच्या आधी निघायला हवं होतं. काल निघायला हवं होतं. तेराला निघायला हवं होतं.

धाकटीचं दार लोटलं तर उघडंच. दोन्ही अंगणांमधल्या भिंतीला भगदाड होतं, दोन माणसं जातील एवढं, विटा नीट रचून बाजूला ठेवलेल्या. आतल्या खोलीत खाटेवर गवंडी बसला होता. जिवंत. हाडांचा सापळा झालाय, पण डोळे स्वच्छ. जमिनीवर अंथरूण आणि त्यावर ती, शाल तोंडावर ओढलेली.

"काल सकाळी," तो म्हणाला. "टपालवाल्याला हाक मारली, आवाज निघेना. सरपटत जाऊन डबा ठेवला भिंतीवर. घासायचं राहिलं असेल."

मला खाली बसवलं त्यानं. मी डबा मांडीवर धरून बसले.

तो सांगत होता. तापाच्या पहिल्याच दिवशी त्याची शुद्ध गेली, तेव्हा तिनं विटा काढून त्याला ओढत इकडे आणलं. एकटा मरशील म्हणाली. एका डब्यात दोघं. आधी भात त्याला, खरवड तिची. तो म्हणाला, "मी म्हटलं टपालवाल्याला सांगतो, आणखी एक डबा लिहा म्हणून. तर मला शपथ घातली. पातेलं मी चोरलेलं नाही आणि भातही मागून खाणार नाही, म्हणे. यादीत घेतील तेव्हा घेतील." मग शालीकडे बघून म्हणाला, "परवा तिला उठवेना. मला म्हणाली, डबा रिकामा देऊ नका हं, तिकडे ताई उघडतात. मी म्हटलं घरात आहे काय? तर स्वतःच्या तोंडातला घास थांबवून एक शीत काढून दिलं. काल मात्र मला काही सुचलं नाही."

मी त्याला सांगितलं, नऊ नंबर सापडलं. अकरा वर्षं कोठीतच होतं. मीच अडकवलं होतं. खोलीत आम्ही दोघंच बोलणारी, पण मी मोठ्यानं सांगितलं, जमिनीकडे बघून.

शाल मी बाजूला केली नाही. धीर झाला नाही.

अठ्ठेचाळीस भरलेलाच परत आणला. गवंड्याला त्यातलं देऊ केलं. तो म्हणाला, "तो तिचा आहे. माझा एकतीस."

बुधवार, २७ तारीख

सिस्टर माझा ताप मोजायला रोज येते. नाही ताप. मला म्हणते, "काकू, तो ताप होता. तुमच्या डब्यानं थांबला असता असं कुणी सांगितलं?" कुणीच नाही. पोरगी चांगली आहे, समजूत घालते. पण डब्यानं काय थांबलं नसतं ते मला नका सांगू. पायरीवर ती माझ्याशी बोलली तेव्हा माझ्या पिशवीत एक डबा जास्तीचा होता, एवढंच मला ठाऊक आहे.

अठ्ठेचाळीस फळीवर पालथा ठेवला. सतरावा.

रविवार, पुढच्या महिन्याची १ तारीख

गेले चार दिवस नवा आजारी नाही. आता एकच चूल पेटते.

रविवार, २९ तारीख

साथ संपली म्हणून मंडळाची बैठक झाली. आठ आणि नऊ मी दोन्ही पातेली पत्र्याखाली मधोमध ठेवली आणि सगळं सांगितलं. ठरवल्याप्रमाणे, रीतसर, सगळ्यांसमोर. किल्ली काढून पुढे ठेवली. मला वाटलं कुणी ओरडेल. कुणी थुंकलं असतं तरी चाललं असतं. मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते हो. या साथीत तुम्ही गाव जगवलंत." आणि किल्ली पुन्हा माझ्या कमरेला खोचली. बायका म्हणाल्या, जाऊ दे, आता कशाला. मी विनवलं की निदान लिहून तरी ठेवा. तेवढं लिहिलं.

परत आले तर ओसरीवर गवंडी ह्यांच्याशी बोलत बसला होता, काठी टेकत आलेला. त्याच्याजवळ माझी वाटी. अकरा वर्षांपूर्वीची. माझ्या नावाचं अक्षर कोरलेली, घासून घासून ते अक्षर अर्धं गेलेलं.

"तिच्या फडताळात होती," म्हणाला. "मला सांगून ठेवलं होतं. ताईंची आहे, रिकामी नेऊ नका, झाडाला पुन्हा लिंबं धरली की भरून द्या."

वाटीत तीन लिंबं होती. ही मी टाकली नाहीत. जेवताना एक कापलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि मग दुसरा घेईनात. लिंबाची फोड हातात धरून बसून राहिले.

सोमवार, ३० तारीख

वाटी घासली, पुसली. मग मीठ भरलं, काठोकाठ. उन्हं चढायच्या आत वरच्या अंगाला गेले. भगदाड गवंड्यानं बुजवलंय, विटा नव्यासारख्या बसल्यात. धाकटीच्या भिंतीवर डब्याचा डाग नाही, तिथे आम्ही कधी ठेवलाच नव्हता. मी जागा हातानं झाडली, वाटी ठेवली, घंटा वाजवली, तीन पावलं मागे आले.

संध्याकाळी वाटी आणायला जायचं आहे.